हाताने केलेली दुरुस्ती

तिसऱ्या रांगेतून तो आवाज आला आणि फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबला. खोलीत बारा-पंधरा कीबोर्ड वाजत होते, पत्र्यावर कुणी मूठमूठ धान्य सांडत राहावं तसे. त्या सगळ्या सांडासांडीत एकाच कीबोर्डला ठेका होता. भरभर काही कळा, मग एक थांबा, मग पुन्हा भरभर, आणि शेवटी करंगळीचा जड, ठाम ठोका. तिला वळून पाहायची गरज नव्हती. घरातल्या माणसाचं पाऊल जिन्यावर ओळखू येतं, तसा तो ठेका ताईचा होता. नुसता ताईचाही नव्हता. कोड लिहिताना ताई अशी वाजत नसे. तेव्हा ती अडखळे, चष्मा कपाळावर चढवी, पुन्हा खाली ओढी, दोन शब्द लिहून चार खोडी. हा ठेका आत शिरण्याचा होता. चालू सर्व्हरचं दार उघडायचं, आत जायचं, बिघडलेलं काही असेल ते हाताने सरळ करायचं आणि दार ओढून घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, बाहेर यायचं. खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. करंगळीचा शेवटचा ठोका पडला. पाठोपाठ ताईचा तो छोटासा, समाधानाचा उसासा आला, जो खोलीत इतर कुणाला ऐकू जाण्यासारखा नव्हता.

गेले पाच आठवडे ती या खोलीत हेच शिकवत होती, की असं करायचं नाही. खोली इमारतीच्या पोटात होती. खिडकी एकही नाही, छतातून येणारा थंड वारा एकाच कोपऱ्यावर पडे आणि त्या कोपऱ्यातले लोक शाली पांघरून बसत. दार कार्ड लावल्याशिवाय आतूनही उघडत नसे. पहिल्याच दिवशी वर्गातला सगळ्यांत थोराड गृहस्थ, ज्याला सगळे काका म्हणत, वर पाहत म्हणाला होता की क्लाउड शिकायला आणलंत आणि आभाळाचा तुकडासुद्धा दिसत नाही. सगळे हसले होते. हे सगळे मुरलेले लोक होते. रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या या कंपनीत कुणी अठरा वर्षं, कुणी वीस वर्षं कोड लिहीत आलेले. त्यांना नव्याने शिकवायचं म्हणजे रिकाम्या भांड्यात पाणी ओतणं नव्हतं. भरलेल्या भांड्यातलं आधी सांडायचं होतं, आणि ते सांडताना त्यांचे चेहरे पाहवत नसत. तिने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे भाड्याचं यंत्र. ते कुठल्या गावात आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. ते केव्हाही मरतं, त्याच्या जागी दुसरं आपोआप उभं राहतं, आणि जे उभं राहतं ते फक्त तुम्ही कोडमध्ये लिहून ठेवलंय त्यावरूनच उभं राहतं. म्हणून जे असेल ते कोडमध्ये लिहा. चालत्या सर्व्हरमध्ये शिरून हाताने काही सुधारलंत, तर ती सुधारणा त्या सर्व्हरबरोबर जाते. त्याला नाव ठेवायचं नाही, त्याच्या उशाशी बसायचं नाही. तेव्हा काका म्हणाला, "म्हणजे संसार करायचा पण जीव लावायचा नाही. आणि आम्हाला तर नावं ठेवायचीच सवय." पुन्हा सगळे हसले. ताई हसली नव्हती. ती वहीच्या कोपऱ्यात पेनाने एक छोटा चौकोन काढून तो गिरवत बसली होती, गिरवून गिरवून कागद फाटेपर्यंत.

ताईच्या जुन्या सर्व्हरला नाव होतं. म्हातारी. तळघरातल्या एका गार खोलीत म्हातारी बसलेली असे, आणि तिच्या पंख्याच्या आवाजावरून ताईला तिची तब्येत कळे. म्हातारीला आज कसकस आहे, ताई जेवता जेवता म्हणे, आणि ताट बाजूला सारून फोन लावी. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून तिने एकदा म्हातारीला बरं केलं होतं, हातवारे करून आणि कागदावर खरडून. ती गोष्ट ऑफिसात अजून सांगितली जाई. वीस वर्षांत रक्ताच्या एका पिशवीचाही हिशेब ताईने चुकू दिला नव्हता, आणि तो चुकू दिला नव्हता तो हातांनीच. आता म्हातारी वर्षअखेर बंद होणार होती. प्रशिक्षण संपताना जे पास होतील ते नव्या तुकडीत जाणार होते, आणि जे होणार नाहीत ते म्हातारीजवळ बसणार होते, ती बंद होईपर्यंत. त्यानंतरचं कुणी तोंडाने बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षा एकच होती. प्रत्येकाने एक छोटी सर्व्हिस बांधायची, क्लाउडवर चालू करायची, आणि शिकवणारीने ती चालू असताना तिचा सर्व्हर एकदम बंद करायचा. नवा सर्व्हर आपसूक उभा राहिला आणि उत्तर तेच आलं, की पास. उत्तर बदललं, की नाही. विभागप्रमुख बाईंना तिने आधीच सांगितलं होतं की माझी सख्खी बहीण वर्गात आहे, तिची परीक्षा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. बाई मान न उचलता म्हणाल्या होत्या की तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या वाक्याने एक दार बंद झालं होतं, इतकं हलकेच की बंद झाल्याचं तिला घरी गेल्यावर कळलं.

ती आपल्या टेबलाशी आली, बसली, आणि स्वतःच्या स्क्रीनवर तिने ताईची सर्व्हिस उघडली. रक्तगट विचारायचा, आणि त्या गटाच्या कोणत्या पिशव्या वापरता येतील ते सांगायचं, एवढंच तिचं काम. सकाळी त्यात एक चूक होती आणि ती सकाळीच तिच्या ध्यानात आली होती. क्लाउडवरचा सर्व्हर आपल्या घड्याळाने चालत नाही. तो दूरच्या एका ठरलेल्या घड्याळाने चालतो, जे आपल्यापेक्षा काही तास मागे असतं. त्यामुळे मुदत उलटलेली पिशवी पुढचे काही तास चांगली दिसत राहायची. एका ओळीचं काम होतं. ती ओळ कोडमध्ये लिहायची, कोड पुन्हा बांधायला लावायचा, आणि सगळ्या तपासण्यांतून तो हिरवा होऊन बाहेर पडेपर्यंत हात बांधून बसायचं. ताईला ते हात बांधून बसणं जमत नसे. तिचा कोड त्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा लाल होई, आणि लाल खूण आली की तिच्या मानेवर, केसांच्या खाली, तशीच लाली चढे. आता स्क्रीनवर उत्तर बरोबर येत होतं. मुदत संपलेली पिशवी यादीतून नाहीशी झाली होती. पण कोड कालचाच होता, त्यात एक अक्षर बदललेलं नव्हतं. ताईने आत शिरून सर्व्हरचं घड्याळ हाताने फिरवलं होतं.

त्या ठेक्यावर ती लहानपणी झोपत असे. आई गेली तेव्हा ती नुकती शाळेत रमू लागली होती आणि ताई कॉलेज सोडून नोकरीला लागली होती. ऑफिसातून एक जाडजूड कीबोर्ड आणि खोक्याएवढा पडदा घरी आला होता, आणि सुट्टीच्या दुपारी ताई त्याच्यापुढे मांडी घालून बसे. कीबोर्ड पाटावर, डाव्या मांडीवर हिचं डोकं. आईची चाल ताईच्या गळ्यात तशीच्या तशी उतरली होती, शब्द मात्र ती स्वतःचे घाली, कळांच्या ठेक्यावर, हलक्या आवाजात, काम न थांबवता:

बोटं गं चालती, काळ्या कळांच्या वाटंवरी
नीज माझी बारकी, माझ्या डाव्या मांडीवरी

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी करंगळीचा तो जड ठोका. तो ठोका मांडीतून तिच्या कानशिलात पोचे. आपल्याला काही होणार नाही असं तिला त्या ठोक्याने वाटे. जगात जे काही बिघडलं असेल ते ताईच्या बोटांखाली सरळ होतंय, आपण डोळे मिटले तरी चालेल. अजूनही, या वयात, या थंड खोलीत, तो ठोका ऐकल्यावर तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. आधी झोप आली होती, भीती मागाहून.

संध्याकाळी दोघी ताईच्या गाडीतून घरी आल्या, रोजच्यासारख्या. गाडी ताई चालवे. घर ताईचं. लग्न मोडून धाकटी परत आली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या दिवशीही ही गाडी ताईच चालवत होती. ताई तिच्या सासरी आली, कपाटं उघडली, कपडे घड्या करून बॅगेत भरले, नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली, वकिलाशी चार. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली होती. तू फक्त बस, ताई म्हणाली होती. ती बसली होती. मग ताईने तिच्यासाठी मागची खोली लावली, पडद्याचं कापड निवडलं, शिकवण्याच्या या नोकरीची मुलाखत ठरवली, मुलाखतीला घालायचा कुर्ता इस्त्री करून दाराच्या मागे टांगला. सगळं कसं चालू लागलं. लोक म्हणत, सावरलीस बरं का लवकर. ती मान डोलावी. पण मधे एकदा ताई आणि दाजी आठवडाभर गावाला गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि दिवस मावळेपर्यंत उठली नाही. गॅसवर ठेवलेलं पाणी आटून भांडं काळं झालं. ताई परतली, तिने भांडं घासलं, एक शब्द विचारला नाही, आणि सकाळी पुन्हा सगळं चालू. दरवेळी असंच. रात्रीतून जे विसकटे ते ताई सकाळी चहाबरोबर, शिकवून दमलीस का गं म्हणत, पाठीवरून हात फिरवत जागेवर लावून देई, आणि ती घराबाहेर पडे.

ताई ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. दाजी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते आणि मधूनमधून आत येऊन आपलं ठरलेलं बोलून जात होते, की घरात एक मास्तरीण, एक विद्यार्थिनी आणि मी बापडा शाळेचा शिपाई, घंटा केव्हा वाजवू तेवढं सांगा. तिने दाजी बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली.

"घड्याळ हाताने फिरवलंस ना, ताई?"

सुरी थांबली. ताईने वळून पाहिलं. डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं आणि ओठांवर हसू. चोरी पकडली गेल्याचं ते हसू नव्हतं. कुणीतरी आपलं जुनं गाणं ओळखल्यावर हसावं तसं ती हसली.

"तुला कसं कळलं?"

"ऐकू आलं."

"बघा," ताई सुरीलाच सांगितल्यासारखी म्हणाली. "एवढे जण बसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"उद्या मी सर्व्हर बंद केला की ते जाणार. नव्याचं घड्याळ पुन्हा मागे."

"मग नको करूस बंद."

ताईने ते इतक्या सहज म्हटलं, जसं आमटीत मीठ नको घालूस, मी घातलंय, असं म्हणावं. कांदा पुन्हा चिरला जाऊ लागला. तिला सांगायचं होतं की पास झाली तर सोमवारपासून ही सर्व्हिस खरोखरच्या रक्तपेढीत चालणार आहे. तिथे मी बंद करायची वाट कुणी पाहणार नाही, क्लाउड आपणहून केव्हाही सर्व्हर बदलतो. एखाद्या पहाटे तो बदलेल, आणि मुदत उलटलेली पिशवी चांगली म्हणून कुणाच्यातरी दंडाला लागेल. हे सगळं तिने सांगितलंही, थोडं तुटक, थोडं शिकवण्याच्या आवाजात. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली की बदलेल तेव्हा मी आहे ना, पुन्हा आत जाईन आणि फिरवीन, इतकी वर्षं दुसरं काय केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला काही पटवून द्यायचंही नव्हतं. ती फक्त आपण आहोत एवढं सांगत होती, आणि त्यावर काय बोलायचं असतं ते तिच्या धाकट्या बहिणीला आजवर कधी सुचलं नव्हतं.

"उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "एक ओळ आहे फक्त, ताई. कोडमध्ये टाक."

ताईने चिरलेला कांदा एका बाजूला सारला आणि हात पुसले. मग चेष्टेचा सूर लावून, पण तो सूर शेवटपर्यंत टिकवता न येऊन, तिने विचारलं:

"तू मला नापास करणार होय गं, बारके?"

ती काहीतरी बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. जेवताना दाजींनी परीक्षेला शुभेच्छा म्हणून ताईच्या पानात दोनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वर्गाला सांगितलं की कुणाचं काही कोडमध्ये टाकायचं राहिलं असेल तर सुट्टीपर्यंत टाका, त्यानंतर मी सगळं कुलूपबंद करणार. हे सांगताना ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती, जिथे पूर्वी कधीतरी काहीतरी टांगलेलं असावं, कारण तेवढा चौकोन इतर भिंतीपेक्षा पांढरा होता. ताईने आपला कोड उघडला. तिने तो बराच वेळ पाहिला. शेजारच्या खुर्चीवरून काका वाकून काहीतरी म्हणाला, बहुधा गंमतीचं, आणि ताईने पटकन पडदा खाली केला, उघड्या खोलीत कपडे बदलताना कुणी आल्यासारखा. त्यानंतर ती काकाचीच एक अडचण सोडवत बसली. तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की हा हट्ट नाही. ताई घाबरली आहे. लाल खुणेला, सगळ्यांदेखत मानेवर चढणाऱ्या लालीला, वीस वर्षं जिने कुणाला विचारलं नाही तिने आता धाकट्या बहिणीला विचारण्याला. आणि घाबरलेल्या ताईचं काय करायचं असतं हेही तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. घाबरण्याचं खातं घरात कायम तिचं एकटीचं होतं. खोली अचानक फार लहान झाली. ती उठून दाराशी गेली, कार्ड लावलं, बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत उभी राहिली. तिथेही खिडकी नव्हती. दोन्ही टोकांना दारं होती, आणि दोन्ही दारांवर कार्डासाठीचा तोच बारीक लाल दिवा. ती पाणी पिऊन परत आत आली.

सुट्टीत खोली रिकामी झाली. ताई जाताना म्हणाली, चल, डबा खाऊ, आणि ती म्हणाली, तू हो पुढे, आलेच. मग ती एकटी उरली, छतातल्या वाऱ्याच्या आवाजासोबत. वर्गातल्या प्रत्येकाचा कोड उघडता येईल अशी किल्ली तिच्याकडे होती, शिकवणारीकडे असतेच. तिने ताईचा कोड उघडला. ती ओळ कुठे जायला हवी ते डोळे झाकून सांगता आलं असतं. एक ओळ. ताईला कळणारही नाही. कळलं तरी ती तसंच हसेल, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, आणि संध्याकाळी गाडीत दोघी गप्पा मारत घरी जातील. कुणाच्या दंडाला चुकीची पिशवी लागणार नाही, कुणी नापास होणार नाही, दाजी मिठाई आणतील. इतकं सोपं होतं की तिला हायसं वाटलं, छातीवरून काहीतरी सरकल्यासारखं. तिने लिहायला सुरुवात केली. भरभर काही कळा, मग एक थांबा, मग पुन्हा भरभर. आणि रिकाम्या खोलीत तिला तो ठेका ऐकू आला. तिच्याच बोटांतून. मागून येऊन कुणी आपल्या आवाजात बोलावं तसा. तिची करंगळी हवेत थांबली, शेवटच्या ठोक्याआधी. ती ओळ ताईची झाली नसती. ती ताईच्या सर्व्हिसमध्ये बसली असती आणि ताईला कधी कळलं नसतं की ती तिथे का आहे, पुढच्या वेळी कुठे लिहायची आहे, लाल खूण आली तर काय करायचं. पुढच्या वेळी पुन्हा धाकटीलाच यावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही, चहाबरोबर, पाठीवर हात फिरवत. ती करंगळी तशीच वर धरून बसली. अशी किती वेळ बसली कोण जाणे. बाहेर पावलं वाजू लागली तेव्हा तिने ती ओळ मागे खोडत नेली, एकेक अक्षर, जसं मऊ कापडातून काटे काढावेत, आणि मग सगळ्यांचा कोड कुलूपबंद केला. जेवायचं राहून गेलं.

परीक्षेत तिने खुर्चीवरून न उठता, मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं, एकेकाचा सर्व्हर बंद केला. काकाची सर्व्हिस काळी पडली, घटकाभर सगळे श्वास धरून बसले, आणि मग ती परत आली, उत्तर तेच. झाला पुनर्जन्म, काका म्हणाला, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या संपल्यावर त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं आणि रुमाल बराच वेळ चेहऱ्यावरून काढला नाही. एका शालवाल्या बाईंचं उत्तर आलंच नाही. त्या हळूच म्हणाल्या, असू दे, माझा मुलगा म्हणतच होता की आता पुरे कर, आणि शाल घट्ट ओढून घेतली. नावं पुढे सरकत होती. ताईचं नाव यादीत शेवटाकडे होतं आणि ते वर वर येत होतं, विहिरीतून पोहरा यावा तसं, आणि दोर आपल्याच हातात आहे हे तिला दिसत होतं, दोर सोडावा म्हटलं तरी सुटत नव्हता.

तिने ताईची सर्व्हिस पडद्यावर लावली. रक्तगट विचारला. पिशव्यांची यादी आली, अचूक. ताई तिसऱ्या रांगेत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारखी. त्या क्षणी तिला ताई फार लहान दिसली. कॉलेज सोडलेली, केसांना तेल लावायला वेळ नसलेली, आईची चाल गळ्यात घेऊन बसलेली एक पोर, जिला कुणीही कधी म्हणालं नाही की तू फक्त बस. ताई तिच्याकडे पाहून किंचित हसली. भरवशाने. इतक्या पुऱ्या भरवशाने तिच्याकडे दुसऱ्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं, नवऱ्याने नाही, तिने स्वतः नाही.

तिने सर्व्हर बंद केला.

पडदा काळा झाला. वारा छतातून येत राहिला. मग नवा सर्व्हर उभा राहिला, निरागस, नुकता जन्मलेला, मागचं काही न आठवणारा, आणि त्याने पिशव्यांची यादी दिली. यादीत एक पिशवी जास्त होती. तिची मुदत दुपारी बारालाच संपली होती.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उठली होती. ती सावकाश, रांगेतल्या गुडघ्यांमधून वाट काढत, पुढे आली, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे येऊन उभी राहिली, आणि ताईचा हात तिच्या खांद्यावर पडला. त्या हाताला कांद्याचा पुसट वास अजून होता. हातात राग नव्हता. तो हात फक्त जागा मागत होता.

"सरक," ताई हलक्या आवाजात म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. मी करते."

खुर्ची तिच्याखाली आपसूक हलली. तिच्या टाचांनी आधीच जमिनीला रेटा दिला होता. शरीराला सरकायचं ठाऊक होतं. तिने पाय घट्ट रोवले.

"नाही, ताई."

तिचा आवाज तिलाच परका वाटला, कुणीतरी दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखा. तिला वाटलं होतं की आता हात उचलला जाईल, आणि ती त्या हलकेपणाची वाट पाहत राहिली, भीत भीत, जवळजवळ आतुरतेने. हात उचलला गेला नाही. त्याने खांदा दाबलाही नाही. तो नुसता होता, ऊबदार, जड, नेहमीचा. मागे दार बंद होतं. संध्याकाळी गाडी होती, ओटा होता, मागची खोली होती, ताईने निवडलेल्या कापडाचे पडदे होते. तिने निकालाचा रकाना उघडला. ताईच्या नावापुढे तिने, खांद्यावरच्या त्या हाताखालीच, एकेका कळेवर थांबत, कसलाही ठेका न धरता, लिहिलं: नापास. आणि शेवटची कळ दाबायला तिला करंगळी उचलावी लागली, तेव्हा खांदाही उचलला गेला, आणि खांद्याबरोबर ताईचा हातही.